मे महिन्यात शाल!

भर उन्हाळ्यात कुणाला थंडी वाजते, पंखा सोसवत नाही, अंग जड होते, आणि घरचे म्हणतात, "आळशीपणा, दुसरं काय!" पण शरीराची ऊब आणि उत्साह यांची सूत्रे असतात मेंदूतल्या बदामाएवढ्या जागेकडे. तिथून निघालेले निरोप पोचले नाहीत, तर स्वभावाला बोल लावून काय उपयोग?

२०१८ सालचा मे महिना. मावसभावाच्या लग्नासाठी मी रायपूरला गेले होते. लग्नघर म्हटले की बाजारहाट आलाच, आणि रायपुरात लग्नाचा बाजारहाट म्हणजे गोल बाजार. मालवीय रोडवरून आत वळले की हळद-कुंकू, पूजेचे साहित्य, मसाले, बांगड्या, कपडे, भांडी, सगळे हारीने मांडलेले. सकाळचे अकराच वाजले होते, पण पारा चाळिशीपार गेला होता. दुकानदार गळ्यात ओले गमछे टाकून बसले होते. माझी साडी पाठीला चिकटली होती. आणि माझ्याबरोबर असलेल्या मावशीने? तिने खांद्यावरून चक्क शाल पांघरली होती!

मौली-सुपाऱ्या मोजता मोजता दुकानदार थांबला.

"माँजी, तबीयत ठीक नहीं है क्या? इतनी गर्मी में शॉल?"

"आदत है, भैया," मावशी हसून म्हणाली. आवाज घोगरा, जड. मी तिच्याकडे निरखून पाहिले. आम्ही सगळे निथळत होतो. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

मावशी लग्न होऊन रायपूरला आली त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागात मराठी घरे आहेत. बाजारात हिंदी आणि घरात मराठी, अशी त्यांची सवय. मावशीही त्यातलीच. एके काळी गोल बाजाराच्या तीन फेऱ्या मारून घरी येऊन पुरणाचा स्वयंपाक करणारी बाई. पण गेल्या दोन वर्षांत ती बदलली होती. वजन सात-आठ किलोंनी वाढले होते. केस गळत होते, पोट साफ होत नव्हते, गॅसवर ठेवलेले दूध विसरून जायची. बसली की उठायला नको. घरात कूलर सुरू झाला की ही दुसऱ्या खोलीत. काका गमतीने म्हणायचे, "हिचा जन्म हिमालयात व्हायचा होता, चुकून इकडे झाला." मुले म्हणायची, "आई हल्ली फार सुस्तावली आहे." आणि सर्वांत वाईट म्हणजे मावशीलाही ते पटले होते. रात्री गच्चीवर झोपायच्या तयारीत असताना ती मला हळूच म्हणाली, "आता वय झालं गं. आळस अंगात भिनलाय माझ्या. मलाच माझी लाज वाटते."

एका ठिकाणी तिने दाखवलेही होते. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, "जरा चालायला जात जा" असा सल्ला मिळाला. तीन-चारशे रुपयांच्या आत होणारी एक तपासणी मात्र कुणी सुचवली नव्हती.

वऱ्हाड पांगल्यावर आम्ही ती करून घेतली. टीएसएच नावाच्या संप्रेरकाची पातळी साधारणपणे चार-पाचच्या आत असावी लागते. मावशीच्या रिपोर्टात आकडा ऐंशीच्या वर होता.

बदामाएवढा घरकारभारी

हा आकडा काय सांगतो, हे समजून घ्यायचे तर आधी मेंदूच्या तळाशी जायला हवे. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा एक भाग असतो. आकार बदामाएवढा, वजन जेमतेम चार ग्रॅम. पण भूक, तहान, झोप, पाळी आणि शरीराचे तापमान, एवढा सगळा कारभार याच्याकडे.

आपले शरीर म्हणजे सदैव पेटलेली शेगडी. खाल्लेल्या अन्नापासून शक्ती मिळते, आणि त्यातला बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता देत असतो. लग्नाचा हॉल माणसांनी भरला की कोंदट का वाटते, ते यावरून कळावे! या शेगडीची आच कमी-जास्त करणे म्हणजेच चयापचयाचे नियंत्रण. म्हणून ऊब आणि वजन या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात तापमान ओळखणाऱ्या पेशी असतात. त्वचेकडून येणारी खबर आणि तिथून वाहणाऱ्या रक्ताची ऊब, दोन्हींवर त्यांचे लक्ष असते. शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे, हा त्यांचा नेम. पहाटे ते थोडे उतरते, संध्याकाळी थोडे चढते, पण फार ढळत नाही. रायपूरच्या उन्हात उभे राहिले की हुकूम सुटतो: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करा, घाम सोडा. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. गोल बाजारातल्या गमछ्याचे गुपित तेच, फक्त त्यात घामाऐवजी नळाचे पाणी. आणि छत्तीसगढी घरांत उन्हाळ्यात खाल्ला जाणारा पाण्यातला भात, म्हणजे बोरे-बासी, सोबत कांदा आणि मीठ, ही घामावाटे गेलेल्या पाण्या-मिठाची भरपाईच. आपल्याकडचे पन्हे आणि ताक यांचे काम वेगळे नाही.

थंडी वाजली की उलट हुकूम: रक्तवाहिन्या आकसा, स्नायू थरथरवा. हे झाले तातडीचे उपाय. पण शेगडीची रोजची आच किती असावी, हे ठरते निरोपांच्या एका संथ साखळीने.

निरोपाची साखळी

हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. ते लगतच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगते, "थायरॉइडला जागे कर." पिट्युटरी मग टीएसएच रक्तात सोडते. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली थायरॉइड ग्रंथी त्या निरोपावर टी-४ आणि थोडे टी-३ बनवते. टी-४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. शरीरात एक अणू काढून टी-४ चे टी-३ बनवले जाते, आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीला सांगते, "आच वाढव."

या साखळीतला पहिला निरोप्या, टीआरएच, १९६९ साली रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली यांच्या गटांनी ओळखला. एकाने मेंढ्यांचे, दुसऱ्याने डुकरांचे लाखो मेंदू खाटिकखान्यांतून गोळा केले, तेव्हा कुठे चिमूटभर पदार्थ हाती आला! १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळीचे वैशिष्ट्य असे, की खबर उलटही जाते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक पुरेसे झाले की मेंदू निरोप कमी करतो. ते कमी पडले की आवाज चढवतो. स्वयंपाकघरातून उत्तर आले नाही, की ओटीवरचे आजोबा जसे एकीऐवजी चार हाका मारतात, तसे! मावशीच्या रक्तातला ऐंशीचा टीएसएच म्हणजे मेंदूच्या त्या चढलेल्या हाका होत्या. थकलेल्या थायरॉइडकडून उत्तर येत नव्हते. शेगडी मंद झाली होती. म्हणून थंडी, म्हणून घाम नाही, म्हणून थकवा, म्हणून विसराळूपणा.

थायरॉइडचे संप्रेरक पेशींवर थेट काम करते, एवढेच बराच काळ मानले जात असे. २०१० साली मिगेल लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की हे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये पोचले की तिथूनही नसांमार्फत हुकूम सुटतो आणि तपकिरी चरबी जळू लागते. तपकिरी चरबी म्हणजे साठवणीसाठी नव्हे, तर खास ऊब निर्माण करण्यासाठी असलेली चरबी. ती तान्ह्या बाळांत भरपूर असते. मोठ्या माणसांतही थोडी कामाची शिल्लक असते, हे २००९ साली पक्के झाले. थोडक्यात, मेंदू निरोप पाठवतो, आणि उत्तर आल्यावर पुन्हा नवा निरोप देतो.

मेंढीने वाचवलेली बाई

हा आजार नवा नाही. १८९१ साली इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांकडे ४६ वर्षांची एक स्त्री आली. चेहरा सुजलेला, हालचाल मंद, बोलणे जड, सतत थंडी. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून तिला टोचला. काही महिन्यांत तिचा कायापालट झाला. पुढे हा अर्क पोटात घेऊन ती आणखी २८ वर्षे जगली! आज मेंढीची गरज नाही. लिव्होथायरॉक्सिन ही गोळी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले टी-४.

आणि रुग्ण किती? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्याचाही समावेश असलेल्या आठ शहरांच्या पाहणीत दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला थायरॉइडची कमतरता आढळली.  स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे आपल्या सोसायटीत, भिशीत, हळदी-कुंकवाला जमलेल्या बायकांत अशी एखादी नक्की असेल. कदाचित तिलाही कुणी आळशी म्हणत असेल.

उपाशी राहून वजन का उतरत नाही?

लग्नाआधी नवऱ्या मुली पंधरा पंधरा दिवस सॅलडवर राहतात. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, मग थांबतो. हातपाय गार पडतात, चिडचिड होते. यामागेही तोच बदामाएवढा कारभारी आहे.

१९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. ते चरबीच्या पेशींत तयार होते आणि घरात शिधा किती शिल्लक आहे, ते हायपोथॅलॅमसला कळवते. खाणे एकदम तोडले की लेप्टिन झपाट्याने घटते. मेंदूला वाटते, दुष्काळ आला! तो टीआरएचचा निरोप आखडता घेतो, रक्तातले टी-३ उतरते, शेगडी मंद होते. शरीर बचत करू लागते. एका अर्थी हे शहाणपणच आहे. दुष्काळात याच युक्तीने माणूस तगला. म्हणून वजन उतरवायचे तर हळूहळू, पोटभर पण मोजके खाऊन आणि हालचाल वाढवून.

आणि हो, थायरॉइडची गोळी वजन उतरवण्यासाठी निरोगी माणसाने घेऊ नये. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. थायरॉइडच्या कमतरतेमुळे वाढणारे वजनही साधारणपणे मोजके असते, आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. प्रत्येक लठ्ठपणाचे खापर थायरॉइडवर फोडू नये.

गरम वाफा आणि गार हातपाय

मावशीच्या वयात आणखी एक घोटाळा होतो. पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून एकाएकी गरम वाफा येतात, घाम फुटतो आणि लगेच थंडी वाजते. इस्ट्रोजेन कमी झाले की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी फार उत्तेजित होतात, आणि जरा कुठे ऊब वाढली की "फार उकडते आहे" असा चुकीचा इशारा देतात. हे कळल्यामुळेच नेमका तो इशारा शांत करणारे फेझोलिनेटंट हे औषध निघाले. अमेरिकेत त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. ते घेताना यकृतावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही.

एकीला अचानक वाफा, दुसरीला सतत थंडी. दोन्हींना घरात एकच उत्तर मिळते: "या वयात असं व्हायचंच." पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे.

ताप वेगळा, उष्माघात वेगळा

उन्हाळ्यात प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट इथेच सांगते. जंतुसंसर्गात ताप येतो तेव्हा मेंदूच नेम बदलतो. ३७ ऐवजी ३९ अंश हवे, असे ठरवतो. म्हणूनच ताप चढताना हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल तो नेम पुन्हा खाली आणते.

उष्माघातात मेंदूचा नेम ३७ चाच असतो, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद संपते. अंग ४० अंशांच्या वर तापते, माणूस बरळतो, बेशुद्ध होतो. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. त्या माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि मानेशी ठेवा, आणि तत्काळ दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

बाळाच्या टाचेतला थेंब

मावशीच्या त्या नव्या सुनेला पुढे मुलगी झाली. बाळ आईच्या पोटातल्या उबेतून बाहेरच्या गार हवेत येते, तेव्हा त्याचा इवलासा हायपोथॅलॅमस पहिलीच मोठी हाक देतो. जन्मानंतर अर्ध्या तासात टीएसएच एकदम उसळी मारते आणि मग दोन-तीन दिवसांत खाली येते. म्हणून टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन करायची थायरॉइडची तपासणी साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास करतात. काही ठिकाणी नाळेतले रक्तही तपासतात.

आपल्या देशात अंदाजे हजार-अकराशे बाळांमागे एकाची थायरॉइड जन्मतः कमी पडते. बाळ दिसायला छान असते. उलट "किती शांत आहे, रडतही नाही" म्हणून कौतुक होते. पण याच काळात मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. मावशीने सुनेच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला, "टाचेची तपासणी झाली का?" नातीचा रिपोर्ट चांगला आला.

मिठाची चिमूट

थायरॉइडला कच्चा माल लागतो आयोडीनचा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला २५०. जन्मभराचे मिळून चमचाभर! पण तेवढे न मिळाल्याने हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे गलगंडाने ग्रासली होती. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन मिसळून दिले आणि काही वर्षांतच गलगंड घटला. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० साली उठली होती. मे २००६ पासून ती पुन्हा लागू झाली.

तरी सुटे खडे मीठ बाजारात दिसतेच. घेताना पुडीवर आयोडीनची खूण पाहा. मीठ झाकणाच्या बरणीत, ओल आणि शेगडीपासून दूर ठेवा, भाजी शिजत आल्यावर घाला. मात्र आयोडीन जास्त म्हणून मीठ जास्त खाऊ नका, रक्तदाब वाढेल. आणि मावशीसारखा आजार बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटल्यामुळे होतो. तो मिठाने बरा होत नाही. त्याला गोळीच लागते.

तपासणी कधी करावी?

इतरांना उकडत असताना थंडी वाजणे, कारण नसताना वजन वाढणे, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, बद्धकोष्ठ, पाळीत जास्त रक्तस्राव, मूल न राहणे, सततची उदासी. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की टीएसएच तपासून घ्यावे. याच्या उलट, अंगाची आग होणे, छाती धडधडणे, हात थरथरणे आणि भरपूर खाऊनही वजन उतरणे ही थायरॉइड जास्त झाल्याची लक्षणे. त्यालाही हीच तपासणी, फक्त आकडा खाली जातो.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नाही, आणि दिवस राहिले तर मुळीच नाही. उलट डॉक्टरांना लगेच सांगायचे, कारण तेव्हा गरज वाढते.

मावशीला पहिल्या महिन्यात फारसा फरक वाटला नाही. तिसऱ्या महिन्यात आवाज मोकळा झाला. दिवाळीत तिने अनारसे केले. काकांनी एकदा फोनवर मला विचारले, "आम्ही दोन वर्षं तिला नावं ठेवत होतो. तुझ्या कसं लक्षात आलं?" मी म्हटले, "काका, मला कुठे कळलं? गोल बाजारातल्या त्या दुकानदाराने विचारलं म्हणून!" रोज पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना माणूस सवयीचा होतो, हेच खरे.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच मावशीचा फोन आला. सूर तक्रारीचा होता.

"अगं, काय हा उन्हाळा! कूलर बिघडलाय, अंगाची नुसती लाही होतेय, घामाने जीव नकोसा झालाय!"

तिची कटकट ऐकताना मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.